स्वच्छ प्रतीतली तीन नावे

मी, वय वर्षे सव्वीस, शिक्षण सातवीपर्यंत, काम हस्तलिखितांच्या स्वच्छ प्रती करण्याचे, डोके ठिकाणावर ठेवून, कोणाच्याही दडपणाशिवाय हा कागद लिहीत आहे. मृत्युपत्र करण्याचे हे वय नव्हे, हे मला कळते. पण समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर तीन दिवस एकच माणूस माझ्या खिडकीवर नजर ठेवून बसून आहे.

यात कोणाचेही नाव घातलेले नाही. वकील म्हणाले, असा कागद टिकणार नाही. न टिकला तर न टिको.

कलम १. टेबल, दोन्ही पेने व शब्दकोश धाकट्या बहिणीला. शब्दकोशाची पाने दुमडू नयेत.

कलम २. कोट थोरल्या भावाला. त्याने चारचौघांत मला ‘कारकुंडा’ म्हणून हिणवले, वर हाच कोट मागून नेला आणि बाही उसवून परत केला. मी ती शिवलेली नाही. तसाच घ्यावा.

कलम ३. आमचे लेखक देशाच्या स्वातंत्र्यासाठी लिहितात. त्यांचे मित्र प्राध्यापक आमच्यावर राज्य करणाऱ्यांच्या देशातले, आमच्या भाषेचे अभ्यासक. एकोणीस वर्षे दोघांची पत्रे चालली, भेट एकदाही नाही. लेखकांना स्वतः नीट लिहिता येईनासे झाल्यापासून, म्हणजे सहा वर्षे, त्यांची पत्रे मी उतरवून काढी. मला ते ‘शुद्धोबा’ म्हणत. शेवटच्या पत्राच्या खर्ड्यात तीन मित्रांची नुसती आद्याक्षरे होती. अर्धवट लिहिलेले मला बघवत नाही. मी तिन्ही नावे पूर्ण केली. पत्र पोलिसांनी वाटेत फोडले. ते तिघे आणि लेखक पाच महिने तुरुंगात आहेत. अक्षर कोणाचे, असे लेखकांना रोज विचारतात. ते सांगत नाहीत.

कलम ४. प्राध्यापकांनी त्याच सुमारास लेखकांचा एक उतारा मासिकात छापला होता. त्यामुळेच घात झाला असे समजून त्यांनी लेखकांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, कळवले की यापुढे आपण मित्राला एक ओळही लिहिणार नाही. काकूंनी ते पत्र मला दाखवले. मी ते घडी घालून परत दिले. खरे काय ते सांगणारे पत्र मी लिहून ठेवले आहे. परके अक्षर दिसले तर प्राध्यापक तो पोलिसांचा डाव समजतील, म्हणून माझ्याच अक्षरात आहे. पण तेही वाटेत फोडले जाऊन अक्षर ओळखले जाईल, म्हणून माझ्या पश्चात ते टपालात टाकावे.

साक्षीदार पहिले, खालच्या मजल्यावरचे शिंपी. त्यांनी न वाचता सही केली आणि न वाचल्याचेही लिहायला लावले.

साक्षीदार दुसऱ्या, काकू. त्यांनी कागद दोनदा वाचला. मी फरशीकडे बघत होतो.

“रागवायचं ते मी नंतर रागवेन,” त्या म्हणाल्या. “तुरुंगात भेटीला गेले की हे मला एवढंच विचारतात, प्राध्यापकांचं पत्र का येत नाही? आता त्यासाठी तू मरायची वाट बघू का मी?”

सबब कलम ४ रद्द. पत्र आज सकाळी अकरा वाजता मी स्वतः पेटीत टाकले. पाकिटामागे माझा पत्ता घातला आहे. काकू सोबत होत्या.

कलम १ व २ आजपासूनच लागू समजावीत. संध्याकाळच्या आत, झडती येण्याआधी टेबल घेऊन जा, असा बहिणीला निरोप दिला आहे.

स्थळ : माझी खोली.
दिनांक : सोळा, मंगळवार, दुपारी बारा.
साक्षीदार : शिंपी (सही), काकू (सही).
लिहून ठेवणार : मी. अक्षर माझेच.