राईतला मंडप

११ जाने., रवि.
गावी जाऊन आलो. देवीच्या राईत देवळापुढच्या पक्क्या मंडपाची आखणी झालीय. तोडायच्या अकरा झाडांवर चुन्याच्या फुल्या. हिरडे, जांभळी, आणि तो बेहडा, जो आम्हा तिघा भावंडांच्या कवेत कधी मावला नाही. आमच्या कंपनीकडं मंडपाच्या पैशासाठी अर्ज कुणी केला? मी. साहेबांच्या मागं कोण लागलं? मीच. वाटलं, बाहेरच्या माळावर बांधतील. जागेचा रकाना मंदिर समितीनं भरला, मी विचारलंही नाही. शहाणा!

१३ जाने., मंगळ.
सेकंड शिफ्ट. निघायच्या आधी दादांना फोन. थोरले चुलतभाऊ, पण आता आधी मंदिर समितीचे अध्यक्ष, मग भाऊ.
"द्येवीच्या दारातच पायजे मंडप. माळावर काय लग्नाचा हॉल बांधायचाय?"
म्हटलं, राईतली वाळकी काटकीसुद्धा आपण चुलीला नेत नाही.
"चुलीला न्हाईच नेत. हे द्येवीचंच काम हाय."
फोन ठेवला. डबा तसाच परत आणला. सौ. चिडली.

१७ जाने., शनि.
रजा टाकून राईत एकटाच बसलो. बाहेर माळ तापलेला, आत पायाखाली पाचोळा गार. मांडीएवढा गारंबीचा वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेला. वर शेकरू ओरडत होतं. चाकणपासून इथवर कारखान्यांच्या शेडच शेड, आणि इथं हे अजून उभं आहे. उद्या कापणारे येणार. माझ्यामुळं. रडू आलं, लिहायला लाज कसली.

१८ जाने., रवि.
कटर घेऊन चौघं आले. मुकादम परभणीकडचा. बेहड्यापाशी थांबला, वर बघितलं, चपला काढल्या.
"देवाचं झाड हाय हे. पैला घाव गाववाल्यानंच घालायचा. मंग आमी."
कुऱ्हाड पुढं केली. दादांनी सरपंचांकडं बघितलं, सरपंचांनी गुरवांकडं. गुरवांची सून दिवसांची, त्यांना झाडावर घाव चालत नाही. सरपंचांचा खांदा तेवढ्यात दुखायला लागला. शेवटी दादा माझ्याकडं वळले. "मंडप तू आनलास. घाल."
"न्हाई."
एवढंच निघालं तोंडातून. वाटलं, आता दादा सगळ्यांदेखत झाडणार. पण त्यांनीच कुऱ्हाड मुकादमाला परत दिली आणि म्हणाले, "चला, च्या घ्या." सगळेच सुटल्यासारखे भराभर राईबाहेर पडले. हुश्श! किती दिवसांनी पोटभर जेवलो.

२५ जाने., रवि.
माळावर नवी आखणी. दोरी दादांनीच धरली. साहेब म्हणतात, मंजुरी राईतल्या जागेची आहे, बदल करायचा तर बैठकीत ठरेल.
"आन् न्हाई म्हनले तर?" दादा.
"तर मंडप नाही."
दादांनी दोरी खाली ठेवली. मग म्हणाले, "मंग बसू की राईतच. सावली काय कमी हाय?"
हे अध्यक्ष बोलले! उद्या सुट्टी, परवा साहेबांकडं जायचंय. ते नाही म्हणाले तरी बरंच, असं पहिल्यांदाच वाटतंय.