बोरखडी उरली नाही, अण्णा

प्रिय अण्णा,

परवा बोरखडीहून विमानाने इकडे परदेशी परत आले. कालपासून ऑफिस सुरू झालंय, मेट्रोतून जुरोंग ईस्टला उतरते, माणसांमागून चालते, पण डोकं ठिकाणावर नाही. तुमचा जावई अनिकेत म्हणतो, "अगं, गावं बदलतातच." बदललेलं नाही हो! गाव नाहीच!

तुमच्या अस्थी तुमच्या नदीत सोडायला गेले होते. ड्रायव्हरने माळावर गाडी थांबवली. "हेच, मॅडम." मी चिडलेच त्याच्यावर. राज्याच्या सीमेवरचं गाव, तालुक्याची कचेरी, कोर्ट, जकातनाका, आणि हा मला बाभळीत उतरवतोय? मग कचेरीचं दगडी जोतं दिसलं. त्यावर शेळ्या बसल्या होत्या.

असं कसं होईल? अगदी शेवटच्या रविवारीही इथल्या यिशुनच्या आपल्या फ्लॅटमधून तुम्ही फोनवर ओरडत होतात, "गफूर, बाजार भरला का रे?" आणि तुमचे शाळासोबती गफूरकाका तिकडून कांद्याचे ढीग, एसटी स्टँडवरची भांडणं, सगळं रंगवून सांगत होते. मी कणीक मळता मळता ऐकत होते.

तिथूनच गफूरकाकांना फोन लावला. ते नव्या तालुक्याच्या गावी, मुलाकडे राहतात म्हणे! गाडी तशीच तिकडे वळवली.

"तालुका इकडे रेल्वेजवळ आणला, पोरी. कचेरी गेली, मागोमाग कोर्ट, मग शाळा. दुकान उघडून बसायचं कुणासाठी? मी सगळ्यांत शेवटी निघालो."

"मग दर रविवारी अण्णांना काय सांगत होतात?" लोकांच्या घरात बसून मी ओरडले, अण्णा.

"तुझी आई गेलेली, तो परमुलखात. त्याला काय सांगू, तुझं गाव मेलं म्हणून?"

त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "पण त्याला ठाऊक असावं. एकदा विचारतो, कचेरीमागच्या विहिरीला पाणी किती आहे रे? ती विहीर तर कचेरी हलली त्याच उन्हाळ्यात बुजवली. हा तुझ्याकडे यायच्या आधीची गोष्ट, माझ्या शेजारी उभा होता, बघत."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काठोकाठ."

अण्णा! तुम्हाला माहीत होतं? मग मला का नाही सांगितलंत? त्याच फ्लॅटमध्ये होते ना मी, चार पावलांवर! मी काय हसले असते तुम्हाला?

गफूरकाका नदीवर आले. घोट्याएवढं पाणी. पायजमा वर करून, माझा दंड धरून उतरले. "जा बाबा," एवढंच म्हणाले.

इकडे घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या नीलने विचारलं, "आजोबाज टाउन बिग ऑर नॉट?" मी बॅग उघडत बसले.

पण त्याला खोटं सांगणार नाही, अण्णा, हा शब्द देते. डिसेंबरच्या सुट्टीत त्याला नेईन. गफूरकाकांना सोबत घेईन. त्या माळावर उभं करून म्हणेन, "बाळा, इथे आता काहीच नाही. काका सांगतील ते नीट ऐक."

तुमची,
स्वाती