सावरीचं जाकीट

आई,

नातीने काल फोनवर एक फोटो पाठवला. ती शिकायला गेली आहे त्या देशात तळ्याच्या कडेला बर्फ साचतं, आणि ही पोरगी त्याच पाण्यात होडी घेऊन वल्ही मारायला जाते, हौस म्हणून. फोटोत तिने गळ्यापासून घोट्यापर्यंत एक पोशाख घातलाय, पाण्याचा थेंब आत येऊ न देणारा, आणि त्याच्यावर छातीशी आवळलेलं लाल जाकीट. मी मुद्दामच विचारलं, "आत पाणी शिरत नाही तर वरून आणखी हे कशाला गं?" तर म्हणाली, "आजी, सूट थंडीपासून वाचवतो, बुडण्यापासून नाही. दोन्हींची कामं वेगळी." मी "असं का" म्हणून फोन ठेवला. हे मला तिच्या वयाची होण्याच्या आधीपासून ठाऊक होतं. आपल्या ओटीवर, एका मोठ्या साहेबाला, तू हेच सांगितलं होतंस. त्या साहेबासाठी तू शिवलेल्या जाकिटाची डावी बाजू मी भरली होती. त्या डाव्या बाजूबद्दल तुझ्याशी बोलायचं राहून गेलंय, सत्तर वर्षं होत आली.

तू उशा भरायचीस. बाबा मुंबईला गोदीत, घरी यायचे ते शिमग्याला आणि गणपतीला. इथलं सगळं तुझ्या दाभणावर चालायचं. वैशाखात सावरीची बोंडं फुटली की आपण दोघी टोपल्या घेऊन डोंगराच्या कडेला जायचो. तो कापूस आणायचा, बिया काढायच्या, ऊन द्यायचं आणि गोणीत दाबून माळ्यावर टाकायचा. पुढचा वैशाख येईपर्यंत तोच पुरवायचा. सावरी इतकी हलकी की कुणी जोरात शिंकलं तरी घरभर व्हायची; डाळीत, केसांत, देवाच्या निरांजनातसुद्धा. आणि तुझा एक नियम होता. भरलेली उशी गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी एक दुपार तू स्वतः तिच्यावर डोकं ठेवून झोपायचीस, वर धुतलेलं फडकं टाकून. श्रीवर्धनच्या वकिलांना हे कळलं असतं तर त्यांनी उशा अंगणातूनच परत धाडल्या असत्या. मी तसं म्हटलं की तू म्हणायचीस, "माझं डोकं जिथं टेकत न्हाय तिथं दुसऱ्याचं कशाला टेकवू गो?" तुझं कौतुक सगळ्या गावाला होतं. मला मात्र त्या दिवसांत तुझा राग यायचा. मी सातवीत होते, फायनलचं वर्ष, आणि शाळेतून आले की दाभण हातात. मी घातलेली शिवण तू रोज उसवायचीस. टाका लांब पडला, टाका तिरका गेला, कोपरा पोकळ राहिला. एकदाही तू "बरं झालंय" म्हणाली नाहीस, आणि मी ते मनात धरून बसले होते.

साहेब आले ते स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी. दुसऱ्या महायुद्धात ते आरमारात होते, जहाज बुडालं तेव्हा गार पाण्यात तासन्‌तास राहून त्यांची छाती कायमची अधू झाली, असं लोक सांगायचे. धक्क्याच्या वरच्या अंगाला त्यांनी एक बंगली घेतली होती. माणूस भला, पण समुद्र सुटेना. पौष-माघात सकाळी उत्तरेचा वारा सुटला की आपली माणसं घोंगडी लपेटून चुलीपुढे बसायची, आणि हे आपली चिमुकली शिडाची होडी घेऊन खाडीत. मासे धरायचे नाहीत, उतारू न्यायचे नाहीत, नुसतं दिघीपर्यंत जाऊन परत यायचं. अंग भिजलं की छाती भरते म्हणून त्यांनी मुंबईहून लढाईच्या उरलेल्या सामानातला एक रबरी पोशाख आणला होता. गळ्याशी घट्ट, मनगटाशी घट्ट, आतून लोकरीचे कपडे. तो घालून ते धक्क्यावरून चालले की त्याचा करकर आवाज यायचा आणि शाळेला जाणारी आम्ही मुलं थांबून बघायचो.

मग एका सकाळी होडी कलंडली. खाडीपलीकडे उतारू नेणाऱ्या तरीचा तांडेल जवळच होता म्हणून निभावलं. तो आपल्या ओटीवर बसून सांगत होता ते मला अजून ऐकू येतं. "वयनी, साहेब पडलं आन त्या रबरातली हवा सगली पायांत गेली. पाय वर, मुंडी खाली! मी पायाला धरून वडला त्यांना, बोकड वडावा तसा." साहेब शेजारीच बसले होते, कानापर्यंत लाल झालेले. ते म्हणाले, "बाई, जहाजावर आम्हाला अशाच कापसाची जाकिटं असत. तुमच्या उशांत तोच कापूस आहे. मला एक शिवून द्या. फक्त पोशाखाच्या आत बसेल असं." तू विचारलंस, आत का? ते जरा घुटमळले. म्हणाले, "वरून घातलं तर इथले लोक हसतात. म्हणतात, साहेब उशी बांधून निघाला."

तांडेलाला हसू आवरेना, कारण हसणाऱ्यांत तो पहिला होता. खाडीवर जन्मलेल्या माणसाने तरंगायला काही बांधणं म्हणजे दर्यावर भरवसा नाही असं सगळ्यांसमोर कबूल करणं; त्यापेक्षा बुडालेलं बरं, अशी आपल्याकडची समजूत. तू त्याच्याकडे बघितलंससुद्धा नाहीस. "साहेब," तू म्हणालीस, "रबर तुमाला कोरडं ठेवंल. वर ठेवायचं काम त्याचं न्हाय. आन उशी आत दाबून घातली तर ती फुगायची कशी? रबर फाटून पानी शिरलं तर तुमी तिला आवळणार कसं, आन तुमाला धरणारा धरणार कशाला? वरूनच घालायचं. हसणाऱ्यांना हसू द्या, त्यांचे दात त्यांच्यापाशी." मग तू त्यांना रबरी पोशाख घालून यायला लावलंस, कारण माप त्याच्यावरून हवं होतं. तू दारात उभी राहून सांगत होतीस आणि तांडेल सुतळीने मापं घेत होता. जाकीट पाण्यात वर सरकून तोंडाशी येऊ नये म्हणून दोन पायांमधून पट्टा हवा, असं तू म्हणालीस तेव्हा ते माप घेताना तांडेल आणि साहेब दोघेही अंगणातल्या जास्वंदीकडे बघत होते.

शिडाचं जुनं कापड तांडेलाने दिलं. तू उजवी बाजू आणि पाठ भरलीस आणि डाव्या बाजूची सावरी मला मोजून दिलीस. पौष संपत आला होता, गोणी तळाला गेली होती, म्हणून तू दोनदा बजावलंस, "जपून गो, आता येवढीच हाय." तू पाण्याला गेलीस. मी मागचं दार लावायला विसरले. वारा आला, आणि निम्मी सावरी परसात, माडांत, शेजाऱ्यांच्या वाडीत. मी धावले, पण सावरी काय हाताला लागते? तू येशील, सुस्कारा सोडशील, मग रात्रीपर्यंत माझ्या गबाळेपणाचा पाढा. मी जुनी गादी उसवली, तिच्यातला साधा कापूस पिंजून डाव्या बाजूत भरला आणि वरून उरलेली सावरी लावली. तोंड इतकं नीट शिवलं की तू बोटाने चाचपून नुसती "हूं" म्हणालीस. सावरी पाणी पीत नाही, साधा कापूस पितो, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या डोक्यात पाणी नव्हतंच. होतं ते फक्त तुझं तोंड चुकवणं. जाकीट साहेब घालणार, साहेबांना पोहता येतं, असं मी स्वतःला समजावलं.

तुझा नियम मी विसरले होते.

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी आपण धक्क्यावर गेलो. साहेब रबरी पोशाख घालून पायऱ्यांवर कमरेइतक्या पाण्यात उभे. त्यांनी जाकिटासाठी हात पुढे केला, आणि तू ते त्यांना न देता स्वतःच्या अंगावर चढवलंस. नऊवारीचा काष्टा आवळलास, पट्टा बांधलास. साहेब म्हणाले, "बाई, तुम्हाला पोहता येतं का?" तू म्हणालीस, "न्हाय. म्हणूनच तर. पोहणाऱ्याला काय कळणार ते तरंगतं का?" तांडेलाने तुझ्या कमरेला दोर बांधला आणि पहिल्यांदाच तो हसत नव्हता. धक्क्यावर तरीची माणसं जमलेली. मी तुझ्यापासून हातभर अंतरावर उभी आहे. तू एक एक पायरी उतरते आहेस. तुझ्या दंडावर गारठ्याने काटा आलेला मला दिसतो आहे. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं आहे, "आई, डावीकडे साधा कापूस आहे." तू शेवटची पायरी सोडलीस.

आधी तू तरंगलीस. लोकांनी आरोळी दिली, आणि तुझ्या तोंडावर असं हसू आलं जे मी घरात कधी पाहिलं नव्हतं. ओहोटी नुकती लागली होती, तू हळूहळू धक्क्यापासून लांब सरकत होतीस. मग डावा खांदा खाली जायला लागला. तू हाताने पाणी मारलंस, त्याने आणखीच कललीस, आणि तुझा चेहरा पाण्यात गेला. साहेब तुला धरायला पुढे झेपावले आणि त्यांचे पाय पुन्हा वर आले. तांडेलाने दोर ओढत ओढत पाण्यात उडी टाकली. एका हाताने तुला आणि दुसऱ्या हाताने साहेबांना धरून त्याने पायऱ्यांशी आणलं. तू खोकत होतीस, नाकातून पाणी जात होतं, ओठ निळे. मी रडत होते आणि सगळ्यांना वाटलं मी भ्यालेय. तू श्वास आल्याबरोबर साहेबांना म्हणालीस, "माझ्या हातून चुकलं. चार दिवस द्या."

घरी आल्यावर तू ओल्या केसांनीच चुलीपुढे बसलीस आणि जाकिटाची डावी बाजू उसवलीस. मी दाराला टेकून उभी. तुझ्या हातात गादीच्या कापसाचा ओला, करडा गोळा आला. तू तो पिळलास. माझ्याकडे बघितलं नाहीस. चुलीच्या कडेला तो वाळत ठेवलास आणि म्हणालीस, "भात उतरव." एवढंच. मी त्या रात्री मार खायला तयार होते, पुढचे कितीतरी दिवस तयार होते. दुसऱ्या दिवशी तू आपल्या घरातल्या तिन्ही उशा फोडल्यास, तुझी स्वतःची सुद्धा, आणि सावरीचा ढीग माझ्यासमोर ठेवलास. "दोनी बाजू तूच भर," म्हणालीस. मागचं दार तू आपल्या हाताने लावलंस आणि पाण्याला निघून गेलीस. मी मूठ मूठ सावरी आधी घंगाळातल्या पाण्यावर टाकून बघितली, वाळवली, मग भरली. तू परत आल्यावर तोंड शिवलेलं होतं. तू चाचपलं नाहीस. चौथ्या दिवशी तेच जाकीट अंगावर चढवून तू पुन्हा त्या पायऱ्या उतरलीस, पुन्हा गारठ्यात, पुन्हा पोहता येत नसताना, आणि पाण्यावर इतका वेळ पडून राहिलीस की शेवटी तांडेलच ओरडला, "वयनी, या आता भायेर, तरीचे उतारू खोळंबलेत!"

साहेब ते जाकीट पोशाखावरून घालून कितीतरी हिवाळे खाडीत गेले. पुढच्या वर्षी तरीच्या तिघांनी गुपचूप येऊन तशीच मागितली, फक्त काळ्या कापडात, लांबून दिसू नये अशी. त्यातलं एकही तू पाण्यात न उतरता दिलं नाहीस, आणि त्यातलं एकही मी सोडून कुणी भरलं नाही. मी पुढे शिक्षिका झाले, लग्न झालं, तू म्हातारी झालीस, गेलीस. तुला लिहिता-वाचता येत नव्हतं. बाबांची पत्रं मीच तुला वाचून दाखवायचे आणि त्यांतली काळजीची वाक्यं गाळायचे. हे पत्र तुझ्यापर्यंत पोहोचणारं असतं तर हेही मीच वाचून दाखवलं असतं, आणि आता लिहिणार आहे ते बहुधा गाळलं असतं.

डाव्या बाजूला काय होतं हे तुला कळलं होतं, ते कुणी भरलं हेही कळलं होतं, तेव्हा ते सांगायला मी हा कागद घेतलेला नाही. तुला वाटलं असेल, पोरगी भीतीने गप्प राहिली. तसं समजून तू मला माफ केलंस. पण आई, तू पायऱ्या उतरत होतीस तेव्हा मला भीती वाटत नव्हती. बोलायला वेळ होता, तुझा पदर हाताला लागत होता. मी गप्प राहिले, कारण माझ्या मनात आलं की एकदा, सगळ्या गावासमोर, हिचंही चुकू दे.