आलेखावरचा शेवटचा बिंदू

भालकी,
६ मे २०२५

चि. राजश्री हिस,
अनेक आशीर्वाद.

स्मरणिकेसाठी लिहिलेल्या तुझ्या लेखाचा मसुदा पोहोचला. कलबुर्गीत विभागप्रमुख झालेली विद्यार्थिनी आपल्या शिक्षकाला इतके श्रेय देते, याचा आनंद आहे. मात्र त्यांतील एक श्रेय माझे नाही.

तू लिहितेस, "सरांनी बर्फ मागवला, म्हणून माझा प्रयोग तडीस गेला." हे खरे नव्हे. पोटॅशियम नायट्रेटच्या द्रावणांत स्फटिक कोणत्या तापमानाला दिसू लागतात, हे तू नोंदवत होतीस. एप्रिलात नळाचेच पाणी इतके तापलेले, की सर्वांत विरल द्रावणात स्फटिक येईनात. तो बिंदू नसता, तर आलेखावरील रेषेचा उतार भरवशाचा ठरला नसता आणि त्या उतारावरून काढायची विरघळण्याची उष्णता, म्हणजे एन्थाल्पीही. मी "उद्या पाहू" म्हणून जेवायला घरी आलो.

माझ्याकडून ही अडचण ऐकून सौ. शारदेने फ्रिजमधल्या वाट्या रिकाम्या केल्या, बर्फ ओल्या पंच्यात गुंडाळला आणि ती थेट प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. हातात डबाही होता. मला म्हणाली, "उष्णता मोजा की मागून! पोरगी सकाळपासून उपाशी हाय, ते कामून दिसंना तुमाला?"

नळी बर्फात धरताच स्फटिक चमकले. मोलमागे चौतीस किलोज्यूल! उत्तर तू आधी तिलाच दाखवलेस.

"चौतीस म्हंजे चांगलं का वाईट?"

"लई चांगलं, अक्का!"

"मग जेव आता."

तिची प्रकृती तू विचारली आहेस. मूत्रपिंडे थकली आहेत. बीदरच्या रुग्णालयातून तिला घरी आणले आहे. तिथे करण्यासारखे काही उरले नव्हते. पाणी मोजूनच द्यायचे असते, म्हणून मी तिच्या जिभेवर बर्फाचा खडा ठेवतो.

काल तुझा लेख तिला वाचून दाखवला. बर्फाच्या ओळीपाशी तिने डोळे उघडले. "ह्यो खडा राजश्रीच्या नळीतला व्हय?" म्हणाली आणि हसली. फार दिवसांनी हसली. याबद्दल तुझे आभार कोणत्या शब्दांत मानावेत, ते मला अद्याप ठरवता आलेले नाही.

त्या वाक्यात माझ्या जागी तिचे नाव घाल. तारखाही दुरुस्त कराव्यात:

प्रयोग: मार्च १९९९ नव्हे, एप्रिल १९९८.
माझी निवृत्ती: २००६ नव्हे, ३१ मे २००७.
स्मरणिकेचे प्रकाशन: १५ जून, हे बरोबर आहे. तथापि दुरुस्त केलेले ते एक पान येत्या रविवारपूर्वी पाठव. डॉक्टर जूनविषयी काही बोलत नाहीत.

तुम्हा दोघींचा ऋणी,
प्राणेश