झुरळांच्या गोळ्या

३ सप्टेंबर

जयंतने ताईला पुन्हा मारलं. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून ताट तोंडावर भिरकावलं. भुवईवर खोक.

ताई म्हणते, "रुचिता, तू यात पडू नकोस." या हिंदी मुलखात, जगतपुऱ्यात, नोकरी लागल्यापासून मी त्यांच्याच फ्लॅटमध्ये राहते, तेव्हा गप्प बसायचं. निदान या वहीत तरी त्याला भावोजी म्हणणार नाही.

६ सप्टेंबर

झुरळांनी उच्छाद मांडलाय. ताईने अन् मी कणीक, साखर आणि बोरिक पावडर एकत्र मळून गोळ्या केल्या. कॅरमवर टाकतात तीच पावडर. सिलिंडरमागे ठेवल्या, सिंकखाली ठेवल्या. ताई कॅरम खेळताना कशी रडीचा डाव खेळायची, ते आठवून हसत होती. कितीतरी दिवसांनी.

७ सप्टेंबर

सकाळी झुरळं उताणी!

९ सप्टेंबर

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय.

जयंतचं पोट बिघडलेलं. काल बाहेर कचोऱ्या हाणून आला होता. पाणी प्यायला आत गेला अन् सिंकखालच्या गोळ्या दिसल्या.

"मला विष घालतेस?"

"अहो, झुरळांसाठी आहेत."

"मग खाऊन दाखव."

केस धरून ताईचं डोकं भिंतीवर आपटलं. जबडा दाबला, गोळ्या तोंडात कोंबल्या, आणि ती गिळेपर्यंत तोंडावर पंजा दाबून धरला. मी कुकरचं झाकण उचलून त्याच्या पाठीत घातलं. मग डोक्यात. तो पडला नाही. वळला आणि मला पोटात लाथ घातली. मी ओट्यावर आपटले, ओठ फाटला. शेजारी दार बडवायला लागले तेव्हा कुठे थांबला.

ताईला रिक्षातच उलट्या सुरू झाल्या.

१० सप्टेंबर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोरिक एसिड है. ज़्यादा नहीं गया, संभल जाएँगी."

पोलीस आले. ताई भिंतीकडे बघत म्हणाली, "मैंने ही खाई. गलती से."

मी सगळं सांगितलं. हवालदाराने ताईलाच पुन्हा विचारलं. तिचं तेच. जयंत डोक्याला पट्टी बांधून बाहेर बाकावर. मी मारल्याची त्याची तक्रार मात्र लिहून घेतली.

११ सप्टेंबर

ताईला विचारलं, खोटं का बोललीस?

"उद्या त्याच्याच घरी जायचंय मला."

मी खोली शोधते म्हटलं. तिने कूस बदलली.

१२ सप्टेंबर

डिस्चार्जच्या वेळी जयंतची आई आली. रमाकाकू, नागपूरहून, एकट्याच. वाटलं, लेकाची बाजू घ्यायला आल्या. त्याने पिशवी घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी दिली नाही. माझ्याविरुद्धच्या तक्रारीचं विचारायला हवालदार आला होता, सरळ त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बहू ने नहीं खाई. इसने खिलाई. उसी रात फोन पे मुझे हँसके बता रहा था."

मग ताईने जबाब बदलला.