दोघांच्या नावावरचं घर

पंकजा, पोरी,

तू आणि रविकांत तिकडं ऑस्ट्रेलियात वेगळे झालात, हे त्यानं मला काल फोनवर सांगितलं. वर म्हणाला, "आई, परभणीचं घर आमच्या दोघांच्या नावावर हाय. पंकजा तुझं ऐकती. सही करून तिचा हिस्सा सोडायला सांग तिला."

मी विचारलं, "आन् न्हाई सोडला तर?"

"मग घर विकावं लागंल. तुला कुठं ठेवू मी?"

गावाकडचं, ताडकळसचं घर आमी कवाच विकलंय. या वयात मी कुणाच्या दारात जाऊ?

पण तुमी तिकडं जायच्या आधी हे घर बांधताना तू रोज ऑफिसातून येऊन, चहासुद्धा न घेता, भिंतींवर पाणी मारायचीस. अजूनबी कर्जाचा अर्धा हप्ता तूच भरतीस. ते मी कसं विसरू?

लिहायलेय खरी, पण हे पत्र पोस्टात टाकायची हिंमत होईना. रविकांत माझ्या पोटचा हाय.

तू सही करू नको. उद्या त्याचा परत फोन आला की मीच भिऊन तुला रडत रडत 'कर' म्हणंन. तरी करू नको.

अजून तरी तुझी सासू,
दैवशाला