म्हातारपणाच्या रकान्यातली माणसं

बाबा, आज आपल्या जिल्ह्याचा आकडा वाढला आणि मी ऑफिसात पेढे वाटले. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, "पोरी, मरणाचे आकडे वाढले म्हणून कोणी पेढे वाटते का?" मी वाटले. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना वाटले, आणि साहेबांनी तर दोन उचलले. का वाटले ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झालीत, तेव्हा मुळापासून सांगावं लागेल, आणि सांगता सांगता तुमच्यावरचा थोडा रागही निघेल. तेवढा ऐकून घ्या.

जिल्ह्याच्या आरोग्याचे आकडे जुळवायची ही नोकरी मला लागली तेव्हा तुम्हीच गावभर सांगत फिरला होता. काम अजून तेच आहे. गावोगावच्या पंचायतीत कोण गेलं, किती वयाचं, कशाने, हे रजिस्टरात लिहितात, ते फिरत फिरत माझ्या टेबलावर येतं आणि मी त्याची बेरीज करून देशाच्या आकड्यांशेजारी मांडते. गेल्या वर्षी उन्हाळ्यात नवीन आलेल्या साहेबांनी प्रोस्टेटच्या कॅन्सरचे आकडे मागितले. पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखाली असते ती ग्रंथी, तिचा कॅन्सर. त्याने आपल्या जिल्ह्यात किती जण जातात आणि देशात किती, हे एकाच कागदावर हवं होतं. मी काढून दिलं. देशाची रेघ वर्षागणिक थोडीथोडी वर चढत होती आणि आपली रेघ तळाशी पडून होती, पाण्यावाचून बसलेल्या धानासारखी. साहेब हरखले. इथली हवा, तळ्यांचं पाणी, घरचा तांदूळ, सगळ्याचं कौतुक झालं. मग त्यांनी पत्राचा मसुदा केला. दर बुधवारी नागपूरहून लघवीच्या आजारांचे एक डॉक्टर आपल्याकडे येतात, ते गरज असलेल्या दुसऱ्या जिल्ह्याला द्यावेत, आपल्याकडे तो आजार जवळजवळ नाहीच. पोळा झाला की बैठक आणि बैठकीत सही, असं ठरलं. मला त्या कागदाकडे बघवेना. त्या तळाशी पडलेल्या रेघेखाली किती माणसं दडली आहेत याचा मला अंदाज होता, आणि त्यातली निदान एका गावची तरी तुम्ही स्वतःच्या हाताने दडवली होती.

साकोलीकडचं आपलं गाव, पंचायतीची ती एक खोली. तुम्ही ग्रामसेवक. मी सातवीत आहे आणि तुमचा डबा घेऊन आलेय. शेजारच्या गल्लीतली बाई नवऱ्याच्या मृत्यूची नोंद करायला आलीय. तुम्ही उठून तिला स्वतःची खुर्ची देता, चहा सांगता, नाव आणि वय विचारता, आणि कारणाच्या रकान्यात तुमच्या त्या देखण्या अक्षरात लिहून टाकता: म्हातारपण. तिला विचारतसुद्धा नाही. पण त्या काकांचं ओरडणं आमच्या शाळेच्या वाटेवर ऐकू यायचं, म्हणून मी विचारते, "काकू, काका कायनं गेले?" बाई पदर तोंडाला लावते. ती गेल्यावर तुम्ही माझ्याकडे असं बघता की डबा माझ्या हातातच राहतो. "कायले विचारून राहिली? मेलेल्या माणसाले उघडं पाडते का? जे कमरेखालचं हाय, थे इचाराचं नाई." एवढं बोलून तुम्ही जेवायला बसलात. नंतर तुम्हीच मला मोठ्या रजिस्टरांतली एक कोरी वही दिलीत, माझा रुसवा काढायला. मी तिच्यात गणितं सोडवली.

तुम्ही आळशी नव्हता, लबाड तर मुळीच नव्हता. साठीच्या पुढचा माणूस आणि आजार सांगण्यासारखा नसेल, तर म्हातारपण. ही तुमची माया होती, आणि आसपासच्या गावांतही हीच रीत होती. पण बाबा, या मायेनेच आमची रेघ तळाला बसवली. मग पाळी तुमच्यावर आली. तुम्ही तासातासाला उठायचात आणि म्हणायचात, ताक जास्त झालं. कंबर दुखायची तर सायकलवर ठपका. आई मोहाच्या बियांचं तेल चोळायची आणि तुमची धोतरं पहाटे, लोक उठायच्या आत, धुऊन मागच्या अंगणात वाळत घालायची. नागपूरच्या डॉक्टरांनी हाडांचा फोटो उजेडाला धरला तेव्हा तोच कॅन्सर हाडांत पोचला होता. दोन वर्षं आधी का आला नाहीत, असं त्यांनी विचारलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. इतका हुशार माणूस, तालुक्यातले लोक अर्ज लिहून घ्यायला तुमच्याकडे यायचे, आणि स्वतःच्या लघवीबद्दल तोंडातून शब्द निघाला नाही. मला तेव्हा तुमचा राग आला होता, आजही येतो.

तर मी साहेबांकडे पोळ्यापर्यंत मुदत मागितली. काही गावं निवडून, तिथल्या म्हातारपण म्हणून नोंदलेल्या पुरुषांच्या घरी जाऊन विचारते म्हटलं. ते हसले, पण हो म्हणाले. पहिला आठवडा पार वाया गेला. मी फॉर्म घेऊन मुलांना विचारत होते आणि मुलं हात जोडून सांगत होती, "काही नोहोतं जी, वय झालं होतं." एकोडीत एका मुलाने तर मला चहा पाजून फाटकापर्यंत सोडलं आणि जाताना बजावलं, असलं विचारत फिरणं तुम्हाला बरं दिसत नाही. मी बसमध्ये बसून स्वतःवरच चिडले. ज्याला कळलं नाही त्याला मी विचारत होते. आपल्या घरात तरी मला काय कळलं होतं? कळलं होतं ते आईला, कारण धोतरं ती धूत होती.

दुसऱ्या आठवड्यात मी नाकाडोंगरीला बायांबरोबर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसले. धानाची रोवणी चालली होती, चिखलाचे हात धुऊन सगळ्या भाकरी सोडत होत्या. माझ्या यादीतल्या एका माणसाची बायको त्यांच्यात होती. मी आजाराचं नावच काढलं नाही. विचारलं, "काकू, शेवटी शेवटी त्यांची धोतरं कोण धुवत होतं?"  मग ती एकदम हसली.

"बाप्पा! हे बी सरकार विचारते का आता?"

"विचारते."

"मीच धुवो. पाह्यटे उठून धुवो, कोणाले दिसू नये म्हणून. नळी लावली होती त्याले. कमरंत असं दुखे का खाटीवर हात आपटे बिचारा."

"मग पंचायतीत म्हातारपण काहून सांगितलं?"

"मी कुठी सांगतलं? त्याइनंच लिवलं. मले कोणी विचारलंच नाई."

जेवण अर्धं टाकून ती मला घरी घेऊन गेली. खुंटीवर टांगलेली एक प्लास्टिकची थैली काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "नागपूरचे कागद हायेत. फेकाची हिंमत नाई झाली. वाटे, कोणी तरी येईन, विचारन." आत सगळं होतं, तपासण्या, हाडांचे फोटो, आजाराचं नाव इंग्रजीत ठळक लिहिलेलं. इतकी वर्षं ती थैली त्या घरात लटकत होती आणि सरकारच्या लेखी तो माणूस नुसता म्हातारा होऊन मेला होता. मला रडू आलं. तिनेच मला पाणी दिलं.

त्यानंतर मी सगळीकडे दोनच प्रश्न विचारले. धोतरं कोण धुवायचं, आणि नागपूरची थैली कुठे आहे. ज्या घरात पुरुषांनी मला बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं होतं, त्याच घरातल्या बायांनी मागच्या दाराने बोलावून थैल्या हातात दिल्या. गावोगावच्या आशाताई, घरोघरी फिरणाऱ्या आरोग्यसेविका, तर माझ्यापेक्षा तिखट निघाल्या, मी पोचायच्या आत त्यांनी कोणाची थैली कोणत्या खुंटीला आहे ते काढून ठेवलेलं असायचं. निवडलेल्या गावांतलं एकही घर मी सोडलं नाही.

बैठकीचा दिवस. मी तुमची लेक शोभेल अशी तयार होऊन गेले, कडक इस्त्रीची साडी आणि हातात दोन पिशव्या भरून कागद. सगळ्या तालुक्यांतले डॉक्टर बसलेले. मी आधी जुनी रेघ दाखवली, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्याच गावांची नवी रेघ दाखवली. ती तळातून उठली होती आणि देशाच्या रेघेला जाऊन टेकली होती.  एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, "बाई, बायामाणसांच्या सांगण्यावरून आता कॅन्सर ठरवायचा का?" मी याच प्रश्नाची वाट बघत होते. उठले आणि थैल्यांतल्या कागदांच्या झेरॉक्स त्यांच्यासमोर टेबलावर ओतल्या. त्यांनी एक वाचला, दुसरा वाचला, चष्मा पुसला, तिसरा वाचला. मग ते कागद स्वतःच साहेबांकडे सरकवले.

साहेबांचा चेहरा उतरला होता. "म्हणजे आपला जिल्हा वाईट निघाला म्हणता?"

"नाही साहेब," मी म्हटलं, "आपला जिल्हा देशात आला. जे सगळीकडे आहे तेच आपल्याकडे आहे. बाकीचे लिहितात, आपण लाजतो. आणि लाजतो म्हणून हाडांत गेल्यावर डॉक्टरकडे जातो."

बाबा, मी हे भर बैठकीत बोलले.  साहेबांनी मसुद्याचा कागद उलटा केला आणि त्याच्याच पाठीवर नवीन टिपण लिहायला घेतलं. बुधवारचे डॉक्टर राहतील, शुक्रवारी दुसरे मागवू, आणि प्रत्येक ग्रामसेवकाने मृत्यूचं कारण घरच्या बाईला विचारल्याशिवाय लिहायचं नाही. माणूस खुल्या मनाचा निघाला. मी जिन्यात येऊन एकटीच हसत उभी राहिले, शिपायाला वाटलं मला बढती मिळाली.

आता बुधवारी दवाखान्याच्या व्हरांड्यात म्हाताऱ्यांची रांग असते. निम्म्यांना बायकांनी ओढून आणलेलं असतं. कारध्याचे एक काका, जन्मभर वैनगंगेत छोट्या होडीतून मासे धरलेले, पहिल्या दिवशी माझ्यासमोर मान वर करत नव्हते. "तुमी लेकीसारख्या, तुमाले काय सांगू?" मी म्हटलं, लेकीलाच सांगा, नाहीतर काकू सांगतील. काकूंनी सांगितलंच. वेळेत सापडलं, ऑपरेशन झालं. मागच्या महिन्यात हे गृहस्थ पिशवीभर मासे घेऊन ऑफिसात हजर. सगळ्यांच्या देखत मोठ्याने म्हणतात, "बाई, आता डोंग्यात बसलो का लघवीले मंधातच काठावर या लागत नाई!" साऱ्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या. तुम्ही ते ऐकायला हवं होतं. भर दुपारी, बायामाणसांत, कमरेखालचं.

आणि आज सगळ्या तालुक्यांचे वर्षभराचे कागद आले. अख्ख्या जिल्ह्याची रेघ देशाच्या रेघेला लागली. पुढे काही वर्षांनी ती खाली येईल, कारध्याच्या काकांसारख्यांमुळे येईल, आणि तेव्हा ते खाली येणं खरं असेल. पेढे त्याचे होते.

हे पत्र मी टेबलाच्या खणात ठेवणार आहे, दुसरं ठेवणार कुठे. पण बंद करण्याआधी एक राहिलं. तुम्ही जायच्या चार दिवस आधी आईला बाहेर पाठवून मला जवळ बोलावलं होतं. "म्या लय जणाइचं झाकलं," तुम्ही म्हणालात. "माझं झाकू नोको. जे हाय थेच लिवजो." मी मान हलवली. मग पंचायतीत गेले. तुमच्या हाताखाली शिकलेल्या नव्या ग्रामसेवकाने उठून मला खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि त्याने विचारलं, बाबा, तुम्ही कधीच विचारलं नाही ते त्याने विचारलं, "ताई, कारण काय लिवू?" तुमचे नागपूरचे कागद माझ्या पर्समध्ये होते. मी म्हटलं, म्हातारपण लिहा. तुमचे अर्धे केस अजून काळे होते.

आज दुपारी मी त्या नोंदीच्या दुरुस्तीचा अर्ज भरला. त्यात एक ओळ असते, आधीची नोंद चुकीची कशी झाली. लोक तिथे माहितीअभावी असं लिहितात, मीही तेच लिहिलं होतं. मग तो कागद फाडला, दुसरा घेतला आणि लिहिलं: माहिती देणाऱ्या मुलीला लाज वाटली.